दिलगिरी की माफी: एका शब्दावर ऑस्ट्रेलियाने घालवलेली अकरा वर्षं

२५ डिसेंबर १९५७, नाताळचा दिवस. साउथ ऑस्ट्रेलियात ॲडलेडपासून साधारण दीडशे किलोमीटरवर मेनिंगी नावाचं तळ्याकाठचं छोटं गाव आहे, त्याच्या बाहेर नॅरिंजेरी लोकांची वस्ती होती. तिथे तेरा महिन्यांच्या ब्रूसचं पोट बिघडलं. बापाकडे गाडी नाही, म्हणून त्याने शेजाऱ्यांना गळ घातली की पोराला ॲडलेडच्या हॉस्पिटलात तेवढं पोचवा, आणि त्यांनी पोचवलं. हॉस्पिटलच्या कागदावर कोणीतरी लिहून टाकलं की या मुलाला आईबाप नाहीत, हेळसांड झालीय, कुपोषित आहे. झालं. पोर बरं झालं आणि दोन आठवडे व्हायच्या आत एका गोऱ्या कुटुंबाच्या घरी राहायला गेलं. ना कोर्टाची ऑर्डर, ना आईबापाची सही, ना घरी निरोप.

सहासात महिने वाट बघून आईने जुलै १९५८ मध्ये ॲबोरिजिनल, म्हणजे त्यांच्यासारख्या मूळ रहिवासी लोकांसाठीच्या सरकारी बोर्डाला पत्र लिहिलं. साधं पत्र: बाळ कसं आहे आणि घरी कधी आणता येईल. बोर्डाचं उत्तर आलं की प्रगती चांगली आहे पण डॉक्टर अजून सोडायला तयार नाहीत. तेव्हा पोर हॉस्पिटलात नव्हतंच! केव्हाच दुसऱ्याच्या घरी रांगायचं सोडून चालायला लागलं असेल.

ही गोष्ट आधी सांगितली कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात संसदेतले ठराव, अहवाल आणि पंतप्रधानांची भाषणं येतात आणि त्या गदारोळात मूळ मुद्दा काय होता तेच हरवतं. ॲडलेडला राहायला आल्यापासून मी बघतोय, ऑफिसातली प्रत्येक मोठी मीटिंग सुरू होताना कोणीतरी म्हणतं की आपण ज्या जमिनीवर बसलोय तिच्या मूळ मालकांना, कौर्ना लोकांना, आमचा आदर. पहिली दोनतीन वर्षं मला ते आपल्याकडच्या दीपप्रज्वलनासारखं वाटायचं, करायचं म्हणून करायचं. मग एकदा एका सहकाऱ्याने जेवताना सहज म्हटलं की त्याच्या लहानपणी देशात दहा वर्षं नुसतं एका शब्दावर भांडण चाललं होतं, सॉरी म्हणायचं की नाही. मला हसूच आलं. आपण लोकलमध्ये पाय पडला तरी ‘सॉरी हं’ म्हणून मोकळे होतो. म्हटलं बघू तरी काय भानगड आहे.

एक खुलासा. ‘आदिवासी’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पालघर, नंदुरबार, गडचिरोली येतं, म्हणून ॲबोरिजिनल हाच शब्द ठेवतोय. आणि मेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं नाही अशी इथल्या बऱ्याच ॲबोरिजिनल समाजांत रीत आहे, टीव्हीवर कार्यक्रमाआधी तशी सूचनाही येते, पण ब्रूस ट्रेव्होरो हे नाव खटल्यामुळे कायद्याच्या पुस्तकांत कायमचं गेलंय म्हणून घेतो.

पोरं उचलण्याचं धोरण

१९१० ते १९७० च्या दरम्यान ऑस्ट्रेलियात राज्याराज्यांच्या कायद्यांनी आणि मिशनऱ्यांच्या मदतीने ॲबोरिजिनल मुलं, विशेष करून ज्यांचा एक पालक गोरा आहे अशी, आईपासून काढून संस्थांमध्ये नाहीतर गोऱ्या घरांत ठेवली गेली. बोर्डांची नावं काय, तर ‘प्रोटेक्शन’. संरक्षण! विचार असा होता की ‘पूर्ण’ ॲबोरिजिनल लोक हळूहळू संपतीलच, राहिलेल्यांना गोऱ्यांत मिसळून टाकू. आपल्याला हे अगदीच परकं वाटायचं कारण नाही. त्याच साम्राज्याने १८७१ साली आपल्याकडे गुन्हेगार जमाती कायदा आणला, पुढे पोरांना आईबापांपासून वेगळं ठेवायची तरतूदही त्यात घातली, आणि सोलापुरात पारधी, कैकाडी, भामटा यांना तारेच्या कुंपणात डांबलं. माझं आजोळ सोलापूरचं, तिथे ‘सेटलमेंट’ हा शब्द अजून वस्तीचं नाव म्हणून ऐकू येतो आणि बोलणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही.

१९९२ च्या डिसेंबरमध्ये पंतप्रधान पॉल कीटिंग यांनी सिडनीच्या रेडफर्न भागात भाषण करताना पहिल्यांदा सरळ ‘आम्ही’ म्हटलं. आम्ही जमिनी घेतल्या, आम्ही आयांपासून पोरं घेतली. त्यांच्याच सरकारने १९९५ मध्ये चौकशी नेमली, सर रोनाल्ड विल्सन आणि मिक डॉडसन यांच्याकडे. ५३५ ॲबोरिजिनल लोकांनी साक्ष दिली. पण अहवाल संसदेत आला २६ मे १९९७ ला, आणि तोवर सरकार बदललं होतं. मार्च १९९६ मध्ये जॉन हॉवर्ड आले होते. म्हणजे आधीच्याने मागवलेलं बिल नंतरच्याच्या टेबलावर.

अहवालात ५४ शिफारशी होत्या. अंदाज असा की त्या साठ वर्षांत दहातल्या एकापासून ते तिनातल्या एकापर्यंत मुलं उचलली गेली. मागणी पाच गोष्टींची: चूक कबूल करून माफी, परत असं होणार नाही याची हमी, जे गेलं त्यातलं जे देता येईल ते परत, पुनर्वसन, आणि पैशाची भरपाई. शिवाय अहवालाने या धोरणाला वंशसंहार म्हटलं, त्यावर निम्मा देश चवताळला. पेपरवाल्यांनी मात्र सगळं गाठोडं सोडून एकच काठी उचलली, सॉरी म्हणणार का?

हॉवर्ड यांचं म्हणणं

त्यांची बाजू नीट मांडायला पाहिजे, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांचं मत गुपचूप तेच असतं. एक, आजच्या पिढीने जे केलंच नाही त्याचा दोष तिच्या माथी का. दोन, त्या काळच्या लोकांनी त्या काळच्या समजुतीने, कित्येकदा चांगल्या हेतूने केलं. तीन, सरकारने सॉरी म्हटलं की उद्या भरपाईच्या दाव्यांची रांग लागेल. चार, शब्दांनी कोणाचं पोट भरत नाही, आरोग्य, घरं, शाळा, नोकऱ्या यावर खर्च करू. याला त्यांनी नाव दिलं ‘प्रॅक्टिकल रिकन्सिलिएशन’. रिकन्सिलिएशन म्हणजे समेट, दिलजमाई म्हणा.

ऐकायला एकदम पटतं ना? मलाही पटलं होतं.

अहवाल आला त्याच आठवड्यात मेलबर्नला रिकन्सिलिएशनचं मोठं अधिवेशन होतं. हॉवर्ड बोलायला उभे राहिले, वैयक्तिक मला फार दुःख वाटतं असंही म्हणाले, पण सरकारतर्फे माफी नाही, आणि मग जमिनीच्या हक्कांवर कात्री लावणाऱ्या आपल्या योजनेचं समर्थन करताना आवाज चढला, हात पोडियमवर आपटायला लागले. सभागृहातले लोक एकेक करून उठले आणि त्यांच्याकडे पाठ करून उभे राहिले. मराठीत ‘पाठ फिरवली’ हा नुसता वाक्प्रचार आहे, तिथे तो लोकांनी अक्षरशः करून दाखवला.

त्याच वर्षाच्या शेवटी सरकारने ६ कोटी ३० लाख डॉलर जाहीर केले, ताटातूट झालेल्या कुटुंबांच्या शोधासाठी, समुपदेशनासाठी वगैरे. माफी नाही, भरपाई नाही. राज्यांच्या संसदा मात्र एकामागून एक माफी मागत गेल्या. साउथ ऑस्ट्रेलियाने तर अहवाल आल्यावर दोन दिवसांत मागितली, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. २६ मे १९९८ पासून लोकांनीच ‘सॉरी डे’ पाळायला सुरुवात केली, लायब्ऱ्यांत वह्या ठेवल्या, त्यात लाखो सह्या पडल्या. सरकार म्हणत नाही तर आम्ही म्हणतो.

मग ऑगस्ट १९९९. सिनेटमध्ये एडन रिजवे नावाचे ॲबोरिजिनल सदस्य नुकतेच आले होते, संपूर्ण इतिहासात केंद्रीय संसदेत पोचलेले फक्त दुसरे. त्यांच्याशी वाटाघाटी करून हॉवर्ड यांनी ठराव आणला, त्यात ‘खोल आणि प्रामाणिक रिग्रेट’ होतं, सॉरी नव्हतं. विरोधी पक्षाने माफी घालायची दुरुस्ती सुचवली ती पडली. मराठी माणसाला हा फरक समजावून सांगायलाच नको. आपल्याकडे पुढारी जीभ घसरल्यावर काय म्हणतो? ‘माझ्या वक्तव्याने कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर मी दिलगिरी व्यक्त करतो.’ दिलगिरीत वाईट वाटतं, पण कोणी केलं ते येत नाही. माफीत करणारा लागतो.

आणि इथेच मला या प्रकरणाची खरी गुंतागुंत कळली. ॲबोरिजिनल लोकांच्या रोजच्या इंग्रजीत ‘सॉरी बिझनेस’ असा शब्द आहे. त्याचा अर्थ मयताचं, दुखवट्याचं. कोणी गेलं की लांबलांबून नातेवाईक येतात, काम बंद, दिवसेंदिवस बसून राहतात. म्हणजे त्यांच्या कानाला सॉरी हा शब्द ‘आम्ही तुमच्या दुखवट्याला आलोय’ असाही पोचतो. सरकारी वकिलांच्या कानाला तोच शब्द ‘गुन्हा कबूल’ असा, आणि हॉवर्ड यांच्या मतदाराच्या कानाला ‘तुझा आजा चोर होता’ असा. एकच शब्द, तीन कान. गल्लीत एखाद्याच्या घरी मयत झालं आणि समोरचा माणूस खिडकीतून बघत म्हणाला की मी येणार नाही कारण आलो तर लोकांना वाटेल मीच मारला, वर म्हणाला की भेटीला येण्यापेक्षा मी तुमच्या नळाची दुरुस्ती करून देतो, तर तुम्हाला कसं वाटेल?

२००० साल या वादाचं शिखर. एप्रिलमध्ये मंत्री जॉन हेरॉन यांच्या नावाने सिनेटच्या समितीकडे सरकारी निवेदन गेलं, त्यात म्हटलं की ‘चोरलेली पिढी’ (उचललेल्या मुलांना पडलेलं नाव) अशी काही पिढी नव्हतीच, उचललेली मुलं फारफार तर दहा टक्के होती आणि त्यातलीही काही योग्य कारणाने. दहा टक्के! दहातलं एक पोर गेलं तर पिढी म्हणायची नाही. लोक भयंकर चिडले. २८ मे ला सिडनीच्या हार्बर ब्रिजवरून साधारण अडीच लाख माणसं चालली, थंडी, वारा, पुलावरून लोंढा सरायला जवळपास सहा तास लागले, आणि वर आकाशात विमानाने धुराने अक्षरं काढली, ‘सॉरी’. पंतप्रधान काही चालायला आले नाहीत.

अंगठ्याचा कागद

आता तिसरा मुद्दा, दाव्यांची भीती. तो मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो कारण तो तपासून बघता येतो, बाकीचे तीन नुसते मतांचे आहेत.

ऑगस्ट २००० मध्ये नॉर्दर्न टेरिटरी या उत्तरेकडच्या प्रदेशातल्या दोन दाव्यांचा निकाल लागला, लॉर्ना क्युबिलो आणि पीटर गनर. दोघांना लहानपणी तिथेच उचललं होतं. दोघं हरले. साक्षीदार मेलेले, कागद गहाळ, पन्नास वर्षं उलटलेली. गनरच्या फाईलमध्ये एक कागद होता, आईने मुलाला नेण्याची विनंती करणारा इंग्रजीत टाइप केलेला फॉर्म आणि खाली अंगठा. अंगठा खरंच आईचाच होता का, तिला त्यातलं काय समजलं, हे नक्की सांगता येणार नाही असं न्यायाधीशांनीही म्हटलं, तरी कागद धरला तो धरलाच. आपल्या आजोबांच्या पिढीत सावकाराच्या वहीवर उठवलेल्या अंगठ्यांच्या गोष्टी ऐकलेल्या कोणालाही इथे फोड करून सांगायची गरज नाही.

म्हणजे बघा, कोर्टात जिंकणं किती अवघड होतं. आणि संसदेत बोललेलं कोर्टात कबुली म्हणून वापरता येत नाही, तो संसदेचा जुना विशेषाधिकार आहे, हे हॉवर्ड यांना, जे स्वतः वकील होते, माहीत नसेल असं मी तरी मानत नाही.

मग आला ब्रूसचा खटला, साउथ ऑस्ट्रेलिया सरकारविरुद्ध. ब्रूस दहा वर्षांचा होताना आईकडे परत आला होता, तोवर बाप मेला होता आणि समोरची बाई कोण हे पोराला माहीत नव्हतं. तिथेही जमलं नाही, मग संस्था, मग दारू, डिप्रेशन, तुरुंगाच्या फेऱ्या. इथे कोर्टापुढे एक गोष्ट अशी होती की जी सहसा कुठल्याच खटल्यात मिळत नाही. ब्रूसची भावंडं त्याच वस्तीत, त्याच गरिबीत, त्याच आईच्या हाताखाली वाढली होती आणि धडधाकट होती, भाऊ तर नॅरिंजेरी समाजाचे मान्यवर पुढारी झाले. एकच घर, एकच आई, फरक एवढाच की एकाला नाताळच्या दिवशी हॉस्पिटलात नेलं. आणि वर सरकारी वकिलांचा सल्ला आधीपासून बोर्डाकडे होता की अशी मुलं परस्पर दुसऱ्याकडे द्यायचा तुम्हाला अधिकार नाही. माहीत असून केलं.

१ ऑगस्ट २००७ ला न्यायमूर्ती थॉमस ग्रे यांनी निकाल दिला, ५ लाख २५ हजार डॉलर, नंतर व्याज धरून ७ लाख ७५ हजार. देशात असा जिंकलेला हा पहिला खटला. आता मगाचं आठवा, या राज्याने १९९७ मध्येच माफी मागितली होती. दहा वर्षांत त्या माफीने दाव्यांचा पूर आला नाही, आणि तीच माफी मागितलेलं सरकार कोर्टात मात्र ब्रूसशी शेवटपर्यंत भांडलं. ब्रूस जिंकला तो माफीमुळे नाही, फायलीमुळे. म्हणजे सॉरी म्हटल्याने पैसे द्यावे लागत नाहीत आणि सॉरी म्हटलं म्हणून कोणी आपणहून देतही नाही. हॉवर्ड यांची भीती खोटी होती, आणि सॉरी झालं की सगळं होईल ही समोरच्यांतल्या काहींची आशाही तितकीच खोटी, असं माझं मत झालंय.

त्याच ऑगस्टमध्ये

हा भाग ऑस्ट्रेलियन मित्रांशी बोलताना मी हमखास काढतो कारण दोन तारखा शेजारीशेजारी ठेवल्या की काही बोलावंच लागत नाही. १ ऑगस्टला ॲडलेडमध्ये कोर्ट म्हणतं की मुलाच्या भल्याच्या नावाखाली कायदा गुंडाळून ठेवता येत नाही. १७ ऑगस्टला कॅनबेरात संसद नॉर्दर्न टेरिटरीसाठी आणीबाणीचे कायदे पास करते, मुलांच्या भल्यासाठी, आणि त्यासाठी वंशभेद विरोधी कायदा बाजूला ठेवते.

कारण खोटं नव्हतं. वस्त्यांमधल्या मुलांच्या लैंगिक छळावर रेक्स वाइल्ड आणि पॅट अँडरसन यांचा अहवाल आला होता आणि त्यातलं वाचवत नाही. पण त्यांनी पहिल्याच शिफारशीत सांगितलं होतं की जे काय कराल ते त्या लोकांशी बोलून करा, आणि सरकारने नेमकं तेच सोडून बाकी सगळं केलं. २१ जूनला घोषणा, लगेच लष्कराचे लोक, ७३ वस्त्या, दारूबंदी, वस्त्यांच्या जमिनी पाच वर्षांच्या सक्तीच्या भाडेपट्ट्यावर. सरकारी भत्त्यातले निम्मे पैसे कापून ठेवायचे, ते ठरावीक दुकानांत ठरावीक वस्तूंवरच चालणार, मग पुढे त्यासाठी वेगळं कार्ड. जो दारू पितो त्याचेही आणि जी म्हातारी आयुष्यात थेंब प्यायलेली नाही तिचेही. वस्तीच्या तोंडाशी मोठा निळा बोर्ड लागला की इथे दारू आणि पॉर्नोग्राफीला बंदी आहे. आपल्या गावाच्या वेशीवर, ‘सुस्वागतम्’ च्या जागी असा बोर्ड लावल्याची कल्पना करा, आणि पाहुणे येताहेत.

हीच ती प्रॅक्टिकल बाजू. आणि हे एकट्या हॉवर्ड यांचं पाप नाही, विरोधी लेबर पक्षाने त्याला पाठिंबा दिला आणि सत्तेत आल्यावर मुख्य भाग चालूही ठेवला. वंशभेद विरोधी कायदा परत लागू व्हायला २०१० उजाडलं.

१३ फेब्रुवारी २००८

नोव्हेंबर २००७ मध्ये हॉवर्ड हरले, स्वतःच्या मतदारसंघातही. केव्हिन रड आले आणि नव्या संसदेचं पहिलंच महत्त्वाचं काम म्हणून माफी. आदल्या दिवशी संसद उघडताना पहिल्यांदाच ॲबोरिजिनल स्वागतविधी झाला, १९०१ पासून कधी झाला नव्हता. १३ तारखेला सकाळी रड यांनी ठराव वाचला, इंग्रजीत ३६१ शब्द, त्यात सॉरी आलं, एकदा नाही, परत परत. हयात माजी पंतप्रधानांपैकी व्हिटलम, फ्रेझर, हॉक, कीटिंग सगळे येऊन बसले होते. एक सोडून. कोण ते सांगायला नको.

मग विरोधी पक्षनेते ब्रेंडन नेल्सन यांनी पाठिंबा दिला पण भाषणात चांगल्या हेतूंचं पुराण लावलं, भरपाईला नकार सांगितला, आणि बाहेर हिरवळीवर मोठ्या पडद्यासमोर बसलेल्या लोकांनी परत पाठ फिरवली, १९९७ सारखीच.

नंतरचा एक क्षण मला सगळ्यात जास्त लागला. ज्यांना लहानपणी उचललं होतं त्यांच्यातर्फे रड आणि नेल्सन दोघांच्या हातात एक भेट दिली गेली, काचेचा कूलामन. कूलामन म्हणजे लाकडाची उथळ, होडीसारखी लांबट परात, बायका त्यात कंदमुळं गोळा करतात, पाणी आणतात आणि तान्हं बाळ निजवतात. आपल्याकडे नवजात बाळाला सुपात ठेवतात ना, तसंच काहीसं. ज्यांची पोरं नेली त्यांनी नेणाऱ्या संसदेला बाळ ठेवायचं भांडं दिलं, आणि तेही काचेचं. देणाऱ्यांच्या मनात हे होतं की नाही मला माहीत नाही, मला बघताना तेच दिसलं.

पैशाचं काय? रड यांनी आधीच स्वच्छ सांगितलं होतं की केंद्राकडून भरपाई नाही. केप यॉर्कचे ॲबोरिजिनल नेते नोएल पिअरसन, जे एरवी सरकारी भत्त्यांवर जगण्याच्या सवयीवर सडकून टीका करतात आणि म्हणून हॉवर्डवाल्यांना आवडतात, त्यांनीही त्या आठवड्यात लिहिलं की काळ्यांना शब्द मिळतील आणि पैसे गोऱ्यांकडेच राहतील. नेमकं तसंच झालं. त्याऐवजी ‘क्लोजिंग द गॅप’ आलं, आयुर्मान, बालमृत्यू, शाळा, नोकऱ्या यातली दरी मिटवायची उद्दिष्टं आणि दर वर्षी संसदेत अहवाल. तेव्हा आयुर्मानातली दरी १७ वर्षांची सांगत, आता आठनऊ वर्षांची सांगतात, पण त्यातला मोठा भाग मोजायची पद्धत बदलल्यामुळे कमी झालाय, माणसं तेवढी जास्त जगायला लागली म्हणून नाही. आणि ॲबोरिजिनल मुलं आजही बाकीच्यांच्या दहापटीहून जास्त प्रमाणात घरापासून काढून सरकारी देखरेखीत ठेवली जातात. आता कायदे वेगळे, कारणं वेगळी, कोर्टाची ऑर्डर असते. पण ज्या आजीने स्वतःचं बालपण असं घालवलं तिच्या दारात सरकारी गाडी थांबली की तिला काय वाटत असेल हे सांगायला अहवाल लागत नाही.

इथल्या आपल्या मंडळींशी यावर बोलणं अवघड जातं. २६ जानेवारीला सकाळी झेंडावंदन, दुपारी ऑस्ट्रेलिया डे चा बार्बेक्यू, एकाच सुट्टीत दोन्ही देश उरकतात. ॲबोरिजिनल लोकांनी त्याच तारखेला १९३८ मध्ये सिडनीत शोकदिन पाळला होता हे सांगितलं की एखादा म्हणतोच, ‘अरे पण आपण कुठे काय केलंय यांचं, आपण तर आत्ता आलो.’ हॉवर्ड यांचाच मुद्दा क्रमांक एक, फक्त मराठीत. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ॲबोरिजिनल लोकांचं सल्लागार मंडळ घटनेत घालायचं की नाही यावर सार्वमत झालं तेव्हाही आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हेच चाललं होतं. ६० टक्के लोकांनी नाही म्हटलं, सहाच्या सहा राज्यांत. तो वेगळा विषय आहे, त्यावर परत कधीतरी.

भरपाई शेवटी आली ती हप्त्याहप्त्याने आणि राज्याराज्याने. टास्मानियाने २००६ मध्येच ५० लाखांचा निधी काढून सुरुवात केली होती, माफीच्याही आधी आणि फार गाजावाजा न करता. साउथ ऑस्ट्रेलियाने २०१५ मध्ये १ कोटी १० लाखांची योजना आणली, माणशी आधी २० हजार आणि नंतर वर १० हजार. केंद्राने आपल्या अखत्यारीतल्या टेरिटरींसाठी २०२१ मध्ये योजना जाहीर केली, माणशी ७५ हजार आणि वर ७ हजार. म्हणजे अहवालापासून चोवीस वर्षांनी, आणि तोवर साक्ष देणारे कितीतरी जण गेले होते.

ब्रूस ट्रेव्होरो जून २००८ मध्ये वारले, ५१ व्या वर्षी. निकालानंतर दहा महिन्यांनी, माफीनंतर चार. राज्य सरकारने निकालाविरुद्ध अपील केलं होतं, पैसे परत नकोत पण कायद्याचा मुद्दा ठरू द्या म्हणून. ते चाललं २०१० पर्यंत. त्यांना बेकायदा डांबून ठेवलं असं म्हणता येणार नाही एवढं एक सरकारच्या बाजूने लागलं, तेरा महिन्यांचं पोर डांबलं जातं का वगैरे चर्चा करून, पण बाकीची जबाबदारी सरकारवर कायम राहिली. आईचं ते जुलै ५८ चं पत्र आणि बोर्डाचं खोटं उत्तर, दोन्ही पुराव्यात होती. सरकारनेच सांभाळून ठेवलेली.